गोल टाकी, गोल चिमणी, गोल खांब : वाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात नाशिक परिसरातून पाच पत्रं अशी आली, की त्यांचं मूळ एकच. गोल वस्तूवर वारा किती जोर लावतो, कोणत्या बाजूने लावतो, आणि ती वस्तू नेमकी केव्हा धोक्यात येते? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. चिमणीच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे चुकलं तर माणसांच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर १००० लिटरच्या प्लास्टिकच्या तीन टाक्या आहेत. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की त्यातली रिकामी टाकी जागेवरून सरकते. टाकी गोल असल्याने वारा तिच्या बाजूने निघून जातो, तिला बांधायची गरज नाही, असं प्लंबरचं म्हणणं आहे. हे बरोबर आहे का? (इंदिरानगर)

वारा बाजूने निघून जातो हे खरं, पण बांधायची गरज नाही हे चूक. आकडे मांडून पाहू.

वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे : वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ने गुणा. उत्तर पास्कलमध्ये, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर किती न्यूटन, असं येतं. झोताचा वेग सेकंदाला ३० मीटर (ताशी १०८ किमी) धरला, तर दाब ५४० पास्कल. तुमची टाकी साधारण १.१ मीटर व्यासाची आणि १.२ मीटर उंच, म्हणजे वाऱ्यासमोरचं क्षेत्र १.३२ चौरस मीटर. आता आकाराचा गुणांक, म्हणजे आकारामुळे त्या दाबाच्या किती पट जोर लागतो तो आकडा. सपाट तोंडाच्या चौकोनी टाकीला तो १.२च्या आसपास धरतात. बुटक्या गोल टाकीला ०.७ धरावा, कारण या टाक्यांना आडव्या कडा असतात आणि गुळगुळीत गोलाला जोराच्या वाऱ्यात मिळणारा आणखी कमी गुणांक त्यांना मिळत नाही. एकूण जोर सुमारे ५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ५० किलो वजनाइतका.

रिकामी टाकी ३० किलोच्या आसपास भरते. सिमेंटच्या गच्चीवर घर्षणाचा गुणांक ०.४ धरला, तर ती सेकंदाला साधारण १५ मीटर, म्हणजे ताशी ५२-५३ किमी वेगालाच सरकू लागते. ताशी ८० किमीच्या जवळपास ती कलंडते. नाशिकसाठी मानकात दिलेला मूळ वेग आहे सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किमी. हा मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर तीन सेकंदांच्या झोताचा वेग आहे, आणि ५० वर्षांच्या हिशेबाने तो ठरवलेला आहे. म्हणजे टाकी सरकते याचं नवल नाही. ती अजून खाली पडलेली नाही, एवढंच.

उपाय फार स्वस्त आहे. वळवाच्या दिवसांत कोणतीही टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका. पाव टाकी पाणी म्हणजे २५० किलो. तेवढ्यावर टाकी सरकतही नाही, कलंडतही नाही. टाकी धुवायला किंवा दुरुस्तीला रिकामी करायची असेल, तर ती दुपारच्या आत उरका. वळीव बहुतेक दुपारनंतर येतो.

टाकी कायमची बांधायची असेल, तर तिच्या डोक्यावरून एकमेकींना काटकोनात दोन पट्ट्या घ्या आणि गच्चीच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने पकडा. पट्टी २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी असावी, आणि तिच्याखाली जुन्या ट्यूबचं रबर घाला. नुसती तार गुंडाळली तर ती उन्हाने मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये रुतते. कठड्याच्या विटांमध्ये बोल्ट मारू नका, विटा उपटून येतील. टाकी गच्चीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यावर वारा वेगाने वळतो आणि वर उचलतो. शेवटचं झाकणाबद्दल : ४५ सेंमी व्यासाच्या झाकणावर वरून ओढणारा जोर त्या ५४० पास्कलच्या झोतात ७ किलोपर्यंत जातो. झाकण जेमतेम किलोभर असतं, त्यामुळे ते साखळीने किंवा स्क्रूने पकडलेलं हवंच.

प्रश्न : अंबडला आमच्या कारखान्यात बॉयलरची पोलादी चिमणी आहे. उंची २४ मीटर, व्यास ८०० मिमी, पत्रा ८ मिमी, तळाशी फ्लँज (बोल्ट बसवायची रुंद कडा) आणि बोल्ट, वरून कुठेही ताण दिलेला नाही. मोठ्या वादळात ती शांत असते. मात्र थंडीत पहाटे अगदी मंद वारा असताना डोलते, आणि तेही वाऱ्याच्या दिशेने नाही, त्याच्या आडवी. दहा हेलकाव्यांना आठ सेकंद लागतात. फाउंडेशन कमजोर आहे का? (अंबड)

तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. दहा हेलकावे आठ सेकंदांत, या एका मोजणीवर निदान होतं. फाउंडेशनवर संशय घेण्याआधी पुढचं वाचा.

वारा गोल वस्तूला वळसा घालतो तेव्हा तो मागच्या बाजूला पृष्ठभागाला चिकटून राहत नाही, वाटेतच सुटतो. सुटलेली हवा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे भोवरा सोडते. भोवरा ज्या बाजूला तयार होतो त्या बाजूचा दाब उतरतो आणि चिमणी तिकडे ओढली जाते. पुढच्या भोवऱ्याला दुसऱ्या बाजूला. म्हणून हालचाल वाऱ्याला आडवी. भोवऱ्यांच्या या दोन रांगांना थिओडोर फॉन कारमान यांचं नाव आहे. त्यांनी १९११-१२मध्ये या रांगांचं गणित मांडलं. भोवरे सेकंदाला किती सुटतात, याचा नियम त्याआधीच, १८७८मध्ये व्हिन्सेंत्स श्ट्रोहाल यांनी दिला होता : वाऱ्याचा वेग भागिले व्यास, गुणिले साधारण ०.२.

आता उलटा हिशेब करा. तुमच्या चिमणीची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला १.२५ आहे. या उंचीच्या आणि जाडीच्या पोलादी नळीला गणिताने १.३ ते १.४ येते. शिडी आणि प्लॅटफॉर्मचं वजन धरलं की १.२५ अगदी बसते. याचाच अर्थ बुडखा बऱ्यापैकी घट्ट आहे. बोल्ट ढिले असते तर आकडा बराच खाली आला असता. घातक वेग = ५ × कंपनसंख्या × व्यास = ५ × १.२५ × ०.८ = सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किमी. हा मंद वारा आहे, वर्षातून कित्येक तास वाहणारा. झोपाळ्याला योग्य वेळी हलके धक्के दिले की तो चढत जातो, तसंच इथे घडतं. वादळात भोवरे फार झपाझप सुटतात, चिमणीच्या तालाशी जुळत नाहीत, म्हणून ती शांत दिसते. पहाटे हवा स्थिर आणि वारा एकसारखा असतो, भोवऱ्यांची लय मोडणाऱ्या झुळका नसतात. म्हणून पहाटेच डोलणं जास्त. शिवाय चिमणी एकदा डोलू लागली की भोवरे तिच्याच तालावर सुटू लागतात. वेग दहा-वीस टक्क्यांनी वर-खाली झाला तरी जोडी सुटत नाही.

तुमची चिमणी अशा डोलण्याला किती बळी पडेल, हे स्क्रुटन अंकावरून ठरतं. मीटरमागे वजनाची दुप्पट, गुणिले पोलादाचं अवमंदन (डोलणं आपोआप शमवण्याची क्षमता), भागिले हवेची घनता आणि व्यासाचा वर्ग. अस्तर नसलेल्या वेल्डेड चिमणीचं अवमंदन (लॉगरिदमिक डिक्रिमेंट) ०.०१२ धरतात. तुमचं वजन मीटरमागे सुमारे १६५ किलो. उत्तर येतं ५ ते ६. हा अंक ३०च्या वर असेल तर चिंता नसते, १०च्या खाली असेल तर जोरदार डोलणं अपेक्षितच. आतून विटांचं किंवा कास्टेबलचं (उष्णता सोसणाऱ्या काँक्रीटचं) अस्तर असतं तर वजन आणि अवमंदन दोन्ही वाढून अंक खूप वर गेला असता.

धोका लगेच कोसळण्याचा नाही, थकव्याचा आहे. सेकंदाला १.२५ म्हणजे तासाला ४५०० हेलकावे. सव्वादोनशे तासांत दहा लाख होतात. पोलादाची वेल्ड एवढ्या वेळा मागेपुढे वाकली की तिच्यात तडा सुरू होतो, आणि तो बहुतेक तळाच्या फ्लँजवर, गसेटच्या (फ्लँजला आधार देणाऱ्या उभ्या पत्र्याच्या) वरच्या टोकाशी किंवा साफसफाईच्या दाराच्या कोपऱ्यात दिसतो. म्हणून या आठवड्यात पहिलं काम हे करा : बॉयलर बंद असताना या तीन ठिकाणचा रंग खरवडून काढा आणि डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून तडा शोधणं) करून घ्या. तांबडी रेघ उमटली तर चिमणीखाली माणसांची ये-जा थांबवा आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या आधी डिझाइन करणाऱ्या अभियंत्याला बोलवा. तडा नुसता वरून भरून घेणं सगळ्यात वाईट. तो दोन महिन्यांत बाजूला पुन्हा येतो.

कायमच्या उपायांत सगळ्यात प्रचलित म्हणजे चिमणीभोवती गुंडाळलेल्या पट्ट्या, ज्यांना कारखान्यात स्ट्रेक म्हणतात. मापं अशी : तीन पट्ट्या, एकमेकींपासून १२० अंशांवर. पट्टीची बाहेर आलेली उंची व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ८० मिमी. एका पूर्ण फेऱ्याला व्यासाच्या पाचपट, म्हणजे ४ मीटर चढ. पट्ट्या फक्त वरच्या एक तृतीयांश भागाला, तुमच्या बाबतीत वरच्या ८ मीटरला. त्या उंचीत प्रत्येक पट्टीचे दोन फेरे होतात. तीन पट्ट्या मिळून २८ मीटरच्या थोडी पुढे लांबी लागेल. ६ मिमी जाडीची पट्टी घेतली तर १०५ ते ११० किलो वजन. पट्टीमुळे वारा वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या जागी सुटतो, सगळ्या उंचीवरचे भोवरे एकाच तालात येत नाहीत आणि ओढ एकत्र होत नाही.

इथे लोक तीन प्रकारे चुकतात. पट्टी २५-३० मिमीचीच लावतात, स्वस्त पडते म्हणून. एवढ्याने भोवऱ्यांची जोडी मोडत नाही. काही जण सरळ उभ्या पट्ट्या लावतात, त्यांचा उपयोग होत नाही, कधीकधी त्रास वाढतो. आणि शिडी आडवी येते म्हणून पट्टी मधेच कापून मीटरभर जागा सोडतात. शिडी थोडी बाहेर काढून पट्टी तिच्यामागून नेणं हेच बरोबर.

पण एक गोष्ट आधी तपासल्याशिवाय पट्ट्यांची ऑर्डर देऊ नका. वादळात गुळगुळीत गोल चिमणीचा गुणांक ०.६पर्यंत खाली येतो. पट्ट्या लावलेल्या भागाचा गुणांक १.२ किंवा त्याहून वर राहतो. वरच्या आठ मीटरवरचा जोर दुप्पट झाला, आणि तळाच्या वाकवण्याच्या बलात (मोमेंटमध्ये) त्या आठ मीटरचा वाटा सुमारे ५५ टक्के असतो. म्हणजे तळाचा मोमेंट दीडपटीच्या वर जातो. मंद वाऱ्याचा त्रास घालवताना वादळासाठीचे फाउंडेशन बोल्ट अपुरे पडू शकतात. पोलादी चिमण्यांचं मानक आयएस ६५३३, त्याच्या दुसऱ्या भागाप्रमाणे ३९ मीटर वेगाला बोल्टांचा हिशेब पुन्हा करून घ्या.

बोल्ट पुरत नसतील तर दुसरा मार्ग डॅम्परचा. चिमणीच्या डोक्याशी लोंबकळणारं वजन बसवतात. हलणाऱ्या चिमणीचं परिणामकारक वजन एकूण वजनाच्या पावभर, तुमच्याकडे सुमारे १००० किलो. त्याच्या पाच टक्के म्हणजे ५० किलोचं कडं पुरतं. १.२५च्या तालाला लोलकाची लांबी १६ सेंमी येते. कडं तेलात बुडवून किंवा रबरावर घासवून त्याची ऊर्जा खर्च करावी लागते. ताल चुकला तर हा सांगाडा नुसतं ओझं ठरतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा हेलकावे मोजा. तिसरा मार्ग, साधारण दोन तृतीयांश उंचीवरून तीन दिशांना गाय रोप, म्हणजे जमिनीला बांधलेले ताणाचे दोर. तात्पुरता उपाय म्हणून हा उत्तम आणि लवकर होणारा आहे. फक्त दोरांचा ताण दर काही महिन्यांनी पाहावा लागतो, आणि ट्रक फिरणाऱ्या आवारात दोरांना धडका बसतात.

आणखी एक. शेजारी दुसरी चिमणी उभारायचा विचार असेल तर दोघींत व्यासाच्या दहापटीपेक्षा जास्त अंतर ठेवा. त्याहून जवळ असल्यास पुढच्या चिमणीचे भोवरे मागचीवर आदळतात. इंग्लंडमध्ये फेरीब्रिज इथे १ नोव्हेंबर १९६५ला आठ कूलिंग टॉवरपैकी तीन कोसळले. पडलेले तिन्ही वाऱ्याच्या मागच्या रांगेतले होते. त्यांचं कारण तुमच्यासारखं डोलणं नव्हतं. पण एकमेकांच्या सावलीत उभ्या असलेल्या गोल बांधकामांवर वारा कसा वाढीव जोर लावतो, हे तेव्हापासून सगळे गंभीरपणे घेऊ लागले.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ३० × ३० सेंमीच्या विंड टनेलमध्ये ५० मिमी व्यासाच्या सिलिंडरभोवतीचा दाब मोजला. वेग सेकंदाला २० मीटर. पुस्तकात ड्रॅगचा (वाऱ्याच्या दिशेने ढकलणाऱ्या जोराचा) गुणांक १.२ आहे, आमचा १.४५ आला. दुसऱ्या गटाने सँडपेपर चिकटवला, त्यांचा खूप कमी आला. आणि आदर्श प्रवाहाच्या गणितात उत्तर शून्य. कोणतं खरं? (गंगापूर रोड)

चारही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, आणि म्हणूनच हा प्रयोग इतका शिकवणारा आहे.

शून्याचं कारण : चिकटपणा नसलेली हवा सिलिंडरच्या मागे पुन्हा जुळून येते आणि पुढे जितका दाब तितकाच मागे. १७५२मध्ये फ्रेंच गणिती दालांबेर यांनीच हे कोडं नोंदवलं. खऱ्या हवेत पृष्ठभागाला लागून मंद हवेचा पातळ थर असतो, त्याचं स्पष्टीकरण जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४मध्ये दिलं. हा थर संथ असेल तर समोरच्या बिंदूपासून सुमारे ८० अंशांवरच सुटतो. तुमच्या आलेखात बघा : समोर दाबगुणांक (त्या जागचा वाढीव दाब भागिले वाऱ्याचा गतिज दाब) १, सुमारे ३५ अंशांवर शून्य, ७० अंशांपुढे उणे १च्या पलीकडे, आणि मग मागे जवळजवळ सपाट रेघ. ती सपाट रेघ म्हणजेच ड्रॅग. सुटलेल्या हवेने मागचा दाब सावरलाच नाही.

सँडपेपरने थर खवळतो, त्यात बाहेरची वेगवान हवा मिसळते, आणि तो ११०-१२० अंशांपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो, ड्रॅग उतरतो. प्रांटल यांनी १९१४मध्ये गोळ्याच्या पुढच्या भागावर बारीक तार बसवून हेच दाखवलं होतं. गुळगुळीत सिलिंडरलाही हे आपोआप घडतं, पण त्यासाठी रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले व्यास, भागिले हवेचा चिकटपणा) साडेतीन लाखांच्या आसपास लागतो. तुमचा ५८ हजार आहे. त्याच ५० मिमीच्या नळीला सेकंदाला १२० मीटर वेग द्यावा लागेल, जे तुमच्या टनेलमध्ये शक्य नाही. दुसऱ्या गटाने सँडपेपरने तो पल्ला गाठला.

आता १.४५. तुमच्या नळीने टनेलची १६.७ टक्के रुंदी अडवली आहे. हवा दोन्ही बाजूंच्या फटींतून जास्त वेगाने जाते, आणि तुम्ही मोजलेला वेग नळीच्या पुढे लांबचा असतो. यासाठी अ‍ॅलन आणि व्हिन्सेंटी यांची दुरुस्ती लावा : व्यास आणि रुंदीचं गुणोत्तर ०.१६७. त्याला मोजलेल्या गुणांकाने गुणून निम्मं करा, ०.१२१. गुणोत्तराच्या वर्गाला २.५ने गुणा, ०.०६९. दोन्ही १मधून वजा केल्यावर राहतात ०.८१. १.४५ गुणिले ०.८१ म्हणजे १.१७. पुस्तकाच्या आकड्याशी जुळलं. पुढच्या वेळी २५ मिमीची नळी घ्या, दुरुस्तीच कमी लागेल.

मोजताना सांभाळायच्या गोष्टी. दाबाचं भोक १ मिमीपेक्षा मोठं नको, आणि त्याच्या कडेला ड्रिलची कोर राहिलेली नको. नखाने लागली तरी वाचन बिघडतं. नळी १० अंशांनी फिरवत जा, पण ६० ते ९०च्या दरम्यान ५ अंशांनी, कारण सगळी गंमत तिथे आहे. प्रत्येक वाचनाला अर्धा मिनिट थांबा, बारीक भोकातून मॅनोमीटर (दाब दाखवणारी पाण्याची नळी) सावकाश स्थिरावतो. २० मीटर वेगाला पूर्ण गतिज दाब अवघा २२ मिमी पाण्याचा असतो, म्हणून मॅनोमीटर तिरपा वापरा. शून्य अंश नळीवरच्या खुणेवर विसंबून ठरवू नका. भोक डावीकडे ३५-४० अंशांवर आणि मग उजवीकडे तेवढ्याच अंशांवर न्या. दोन्ही वाचनं सारखी येईपर्यंत तबकडी सरकवा. त्या जागी दाब कोनाबरोबर झपाट्याने बदलतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही दिसते. समोरच्या टोकाला आलेख सपाट असल्याने तिथे काहीच कळत नाही.

आणखी एक चूक जर्नलमध्ये दरवर्षी दिसते : हवेची घनता १.२२५ लिहिणं. तो समुद्रसपाटीचा, १५ अंश तापमानाचा आकडा आहे. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथे ३० अंश तापमानाला घनता १.०८च्या आसपास येते. गुणांक दाबांच्या गुणोत्तरावरून काढता, त्यामुळे त्यात फरक पडत नाही. पण पिटो नळीवरून (वाऱ्याचा वेग मोजायच्या नळीवरून) काढलेला वेग सहा टक्क्यांनी कमी येतो, आणि त्याबरोबर रेनॉल्ड्स अंकही चुकतो. प्रयोगशाळेतल्या बॅरोमीटरचं वाचन घ्यायची सवय लावा.

प्रश्न : द्राक्षमांडवाच्या तारा वाऱ्यात गुणगुणतात. त्यामुळे त्या तुटतात का? आणि विजेच्या मोठ्या टॉवरजवळ तारांना डंबेलसारखं काहीतरी लटकवलेलं असतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का? (दिंडोरी)

आहे. चिमणीच्या उत्तरातला श्ट्रोहाल यांचा नियम इथेही चालतो. १० गेजची तार ३.२५ मिमी व्यासाची. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात भोवरे सेकंदाला ३०८ सुटतात, तोच सूर तुम्हाला ऐकू येतो. वारा वाढला की सूर चढतो, आणि १२ गेजची तार जास्त चढ्या सुरात गाते. मांडवाची तार यात फार थोडी हलते. ती तुटते ती अँगलच्या भोकाच्या धारेवर घासून आणि गंजून. तिथे प्लास्टिक नळीचा तुकडा चढवा. तारेवर वेली आणि काड्या चढल्या की गुणगुण आपोआप थांबते.

विजेच्या तारा जाड असतात. ३२ मिमी जाडीच्या तारेवर ४ मीटरच्या मंद वाऱ्यात सेकंदाला २५ कंपनं येतात, आणि वर्षानुवर्षं क्लँपपाशी वाकून धागे तुटू लागतात. ते डंबेल म्हणजे स्टॉकब्रिज डॅम्पर. आखूड पीळदार तारेच्या दोन टोकांना वजनं. मुख्य तार थरथरली की ती आखूड तार वाकते, तिचे धागे एकमेकांवर घासतात आणि ऊर्जा उष्णतेत जिरते. १९२०च्या दशकात अमेरिकेत त्यांची सुरुवात झाली. एकलहरे वीजकेंद्राच्या बाजूच्या उच्चदाब वाहिन्यांखालून जाताना टॉवरच्या दोन्ही अंगांना नजर टाका, दिसतील.

प्रश्न : शेतावर ६ मीटर उंचीचा सोलर दिव्याचा खांब लावायचा आहे. ४ इंची गोल पाइप बरा की तेवढाच चौकोनी? वरती सुमारे एक चौरस मीटरचं पॅनेल, आणि नंतर ३ × ४ फुटांची बागेच्या नावाची पाटी लावायची इच्छा आहे. (निफाड)

४ इंची पाइप बाहेरून ११४ मिमी असतो. या जाडीला आणि ३९ मीटर वेगाला मानकाप्रमाणे गुणांक १.२ धरायचा. चिमणीला मिळालेली ०.६ची सवलत इथे मिळत नाही, कारण वेग आणि व्यासाचा गुणाकार ६च्या खाली राहतो. चौकोनी पाइपला गुणांक २. म्हणजे चौकोनीवर वारा सुमारे १.६७ पट. पण तेवढ्याच रुंदीचा आणि जाडीचा चौकोनी पाइप वाकायला १.७ पट मजबूतही असतो. हिशेब बरोबरीत सुटतो. गोल घ्या, कारण तो कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला सारखाच असतो आणि त्याच्यावर पाणी साचत नाही. मात्र निर्णायक प्रश्न हा नाहीच.

निर्णायक आहे ती पाटी. ३९ मीटरला दाब ९१३ पास्कल. नुसत्या खांबामुळे तळाशी २.२५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. पॅनेल २० अंशांत तिरपं असल्याने त्याचा आडवा जोर मर्यादित राहतो, त्याचे सुमारे २.५. एकूण पावणेपाच. ४.५ मिमी जाडीच्या ४ इंची पाइपमध्ये यातून सुमारे ११५ मेगापास्कल ताण येतो, चालण्यासारखा. आता चार मीटर उंचीवर ती उभी पाटी लावा : एकटी पाटी आणखी ४.७ची भर घालते. ताण २३० मेगापास्कलवर जातो. बाजारातल्या साध्या २१० प्रतीच्या पाइपची वाकण्याची हद्द २१० मेगापास्कल, म्हणजे त्याच्याही खाली. पाटी वेगळ्या दोन खुंटांवर, जमिनीलगत लावा. खांबावरच हवी असेल तर पाटीऐवजी अक्षरं कापलेली जाळी घ्या, किंवा पाइप ५ इंची करा.

बेसप्लेटला २० मिमीचे चार बोल्ट, २५० मिमी अंतरावर. पाटीशिवाय प्रत्येक बोल्टवर साडेनऊ किलोन्यूटन ओढ येते, ती सहज पेलते. तुमची जमीन काळी असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. ती उन्हाळ्यात आक्रसते आणि काँक्रीटच्या ठोकळ्याभोवती बोटभर फट पडते. नेमका तेव्हाच वळवाचा वारा येतो, आणि वरच्या मातीचा आधार नसलेला ठोकळा हलू लागतो. म्हणून ठोकळा भेगांच्या खोलीच्या खाली न्या, त्याच्या चारही बाजूंना वीतभर मुरूम थराथराने ठोकून भरा, आणि एप्रिलच्या सुरुवातीला फट दिसली तर त्यात माती न ढकलता पुन्हा मुरूमच ठोका.